दोन इंच माया

झांबरे पाइपवाल्यानं वहीच्या मागच्या पानावर तीन चित्रं काढली.
बारा भोकांचं. छत्तीसचं. एकशे आठचं.
"एकशे आठ घ्या ताई, शुभ आकडा,
जपमाळेत मणीसुद्धा तेवढेच."
म्हटलं, मणी उन्हानं करपत नाहीत.

अमळनेरात, बोरीच्या अलीकडे,
दुसऱ्या मजल्यावर माझी गॅलरी.
ज्या टेपनं तीस वर्षं दुसऱ्यांच्या बाह्या नि मुंडे मोजले
त्याच टेपनं ती मोजली:
लांबी नऊ फुटांना चार बोटं कमी, रुंदी सव्वातीन.
त्यातून मशीन वजा, मशीनपुढचं स्टूल वजा,
गिऱ्हाइकांच्या परकरांची दोरी वजा.
उरलं ते ऊन.
सकाळी नऊपर्यंतचं बरं,
नंतरचं, फाल्गुन सरला की, मोजायचंच नाही.

"खाणारी तोंडं किती?" झांबऱ्यानं विचारलं होतं.
सवयीनं बोलून गेले, पाच.
घरी येताना रिक्षात एकेक टाका उसवत आले.
थोरली नाशकात.
धाकटा सुरतेत, कापडाच्याच धंद्यात,
पण त्याच्याकडे मीटर असतात, मापं नसतात.
सासूबाई भिंतीवर, हारासकट.
राहिलो दोघं; त्यात हे पाल्याला बकरीचा चारा म्हणतात.
म्हणजे दीड.

कठड्यावरून कौतिकाबाई डोकावली,
"दोन माणसेस्ले इतला पाला कसाले वं माय?"
आणि आतून यांचा आवाज,
"लावायचंच तर भरताचं वांगं लाव."
वांग्याला एकट्याला आख्खी बादली लागते.
जावई तो. त्याला वेगळी खोली.

रात्री खडू घेतला, कापडावर ओढायचा तो चपटा,
आणि फरशीवर गोल काढत बसले.
पालक कापणीला यायला महिना.
आठवड्याला तीन भाज्या, वर पोकळा एकदा,
कोथिंबीर चिमूट चिमूट.
बारा गोल: एकदा भाजी केली की पंधरा दिवस नुसता पाइप बघा.
छत्तीस: जिन्यावरच्या प्रत्येक दारात जुडी घेऊन उभी राहा.
पुसत, वाढवत, चोविसाला थांबले.
पाठ दुखत होती, हेही एक कारण.

मग पाणी.
आमचा नळ चौथ्या दिवशी येतो, तोही पहाटे, कुरकुरत.
मागल्या साली थर्माकोलच्या खोक्यात करून पाहिलं होतं;
तेवढ्याशा पाण्याचा दुपारी चहा झाला,
मुळं तपकिरी, बोटांना बुळबुळीत.
म्हणून झांबऱ्याला सांगितलं,
भोकं लहान संचाची द्या, टाकी मोठ्या संचाची.
"असं कुणी घेत नाही ताई."
म्हटलं, कंबर बारीक नि घेर मोठा,
असे परकर मी रोज शिवते.

तो हसला. पैसे मात्र कमी केले नाहीत.

"आणि पाइपाचं टोक चिकटवू नका. नुसतं टोपण बसवा."
"गळेल."
"रबर लावा."
ब्लाउज शिवताना दोन्ही बगलांत
दोन इंच माया आत दाबून ठेवते मी.
बाई भरते, आटते, बाळंत होते,
धागा ओढला की तेच कापड पुन्हा पुरतं.
शिवण बाहेरून दिसते तेवढीच.

कार्तिकात तेवीस रोपं वर आली.
चोविसाव्या भोकातून काल एक वेगळंच पान निघालं,
केसाळ, कडेला जांभळट.
हे पेपरमागे तोंड लपवून बसलेले.
मी काही विचारलं नाही.
माळ्यावरची जुनी बादली खाली काढली,
धूळ पुसली,
तोंड मोजलं.
साडेदहा इंच.